गुडघ्यांमागचे वळ

एरंजोळी,
२३ जुलै १९८४

अंबूमामा,

इथूनच पायाला हात लावते. कोइंबतूरच्या कोरड्या हवेने गुडघ्याची सूज उतरली का, ते आधी कळवा. वहिनींच्या सांबारावर तुम्ही दिवस कसे काढताय याची इथे सगळ्यांना काळजी आहे. आज आमच्याकडे तारल्या होत्या. मुद्दाम सांगतेय.

कर्किडकम महिना लागला. तुम्ही सोपवून गेलेल्या कळरीच्या आखाड्यात सध्या तलवारी खुंटीला आणि तेलाची कढई चुलीवर आहे. मुलांची मालिश तुमचा शिष्य बालन करतो, मुलींची मी. आढ्याचा दोर धरून पायाने मालिश करताना तुमचं म्हणणं आठवतं, की वर्षभर शिकवून पोर जेवढं कळत नाही तेवढं या चार दिवसांत कळतं. यंदा मात्र एका पोरीने मला कोड्यात टाकलंय.

नाणू शिंप्याची रजिता आठवते? तुमच्यासमोरच उजवा पाय पुढे टाकून पहिल्यांदा आत आली होती, दोन वेण्या आणि कायम वाहणारं नाक. आता सतरा वर्षांची घोडी झालीय. माझ्याकडे आजवर आलेल्या मुलींत हिच्यासारखी उडी कोणाची नाही. तर तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या मागे, जिथे पाय मुडपतो त्या खळग्यात, काळेनिळे आडवे वळ आहेत. त्यांच्यावरची कातडी टाचेसारखी कडक. आपल्या कुठल्या पवित्र्यात तिथे घासतं? मी स्वतः सगळे पवित्रे करून बघितले. बालन हसत होता. कुठेच घासत नाही.

"हे काय गं?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही, गुरुक्कळ." आणि मान अशी वळवली की पुढचं विचारायला मला तोंडच राहिलं नाही. तुम्ही इतकी शरीरं पाहिलीत. हे कशाचे वळ असतील?

तुमची,
वनजा

कोइंबतूर,
२९ जुलै १९८४

वनजे,

सूज आहे तशीच आहे, नमस्कार तेवढा पोचला. तारल्यांचं वाक्य मी सूनबाईला वाचून दाखवलं. तिने कढीपत्ता जास्त घातला, एवढाच फरक पडला.

तुला कोडं वाटतंय, मला वाटत नाही. गुडघ्यामागे आडवे वळ पोरांना एकाच गोष्टीने पडतात, ती म्हणजे छडी. भिंतीकडे तोंड करून उभं करायचं आणि मागून मारायचं. शाळेत सतरा वर्षांच्या मुलीला कोणी तसं मारत नाही, म्हणजे घरी. नाणूची बायको गेली तेव्हापासून तो एकटा आहे. एकटा पुरुष कधी कसा वागेल ते सांगता येत नाही. आणि पोरगी मान वळवते म्हणतेस, ते बापाला सांभाळून घेण्यासाठी.

आता तू म्हणशील, दुसऱ्याच्या घरात मी कशी नाक खुपसू? खुपसायचं. ज्या दिवशी तिने दिव्यासमोर वाकून तुझ्या हातावर विड्याची पानं ठेवली, त्या दिवशी तिचं हाड न् हाड तुझ्या हवाली झालं. ती कळरीत पडली तर तू बसवतेस ना हाड? मग कळरीबाहेर कोणी मोडत असेल तर गप्प बसायचा हक्क तुला कोणी दिला? उद्याच जा. गोड बोलू नकोस.

अंबूमामा

एरंजोळी,
५ ऑगस्ट १९८४

मामा,

गेले. गोड बोलले नाही. आता माझं नाक ठिकाणावर आहे का ते चाचपून बघतेय.

नाणू मशीनवर बसला होता, तोंडात टाचण्या. मी दारातूनच सुरू केलं: "तरण्या मुलीवर हात उचलताना लाज नाही वाटत?" त्याने एकेक टाचणी काढून डबीत ठेवली. मग म्हणाला, "कोणी उचलला हात?" मी म्हटलं, "तू!" तेवढ्यात शेजारची कार्त्यायनी कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिला पाहून तरी मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. वळांचं सगळं बोलून गेले.

मामा, तो माणूस रडायला लागला. म्हणे, "तिची आई गेल्यापासून मी तिला 'ऊठ' म्हणून हाकसुद्धा मोठ्याने मारत नाही, गुरुक्कळ. चहा करतो आणि कप वाजवतो." तेवढ्यात रजिता शाळेतून आली, सगळं एका नजरेत ओळखलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की तलवार परवडली. "अच्छन मला मारतात? माझे अच्छन? तुम्हाला कोणी सांगितलं?" मी तुमचं नाव घेतलं नाही. उपकार माना.

"मग वळ कशाचे ते सांग," म्हटलं. बाप तिच्याकडे बघतोय, मी बघतेय, कार्त्यायनी तर कुंपणातून आत यायचीच बाकी. तिने ओठ घट्ट मिटले आणि आत गेली. म्हणजे बापालाही ठाऊक नाही.

कार्त्यायनीने संध्याकाळपर्यंत गावभर केलं. नाणूकडे ओणमचे कपडे शिवायला टाकलेल्या दोघींनी कापड परत नेलं म्हणे. मी त्यांच्या घरी जाऊन सांगून आले की चूक माझी आहे. एकीने कापड पुन्हा नेऊन दिलं, दुसरीने नाही.

रजिता मालिशीला मात्र येते. बोलत नाही, पण वेळेवर येऊन चटईवर पालथी पडते. मी रोज तिला तेल लावते आणि रोज ते वळ बघते. जुने पिवळे पडत चाललेत, मामा, आणि त्यांच्या शेजारी नवे येताहेत.

वनजा

कोइंबतूर,
११ ऑगस्ट १९८४

वनजे,

हे पत्र पोचण्याआधी माझी तार मिळाली असेल. 'रजिताच्या उड्या ताबडतोब बंद' एवढंच का लिहिलं, ते आता वाच.

नाणूच्या बाबतीत मी चुकलो. त्याला तसं सांग, माझं नाव घेऊन सांग. तू गेलीस ते मात्र बरोबरच होतं. न जाता दोघं घरी बसून हळहळलो असतो तर कोणाचं भलं होणार होतं?

तुझं पत्र आल्यावर मला चैन पडेना. गुडघ्याचा खळगा, आडवा पट्टा, दोन्ही पायांना सारखा, रोज नवा. विजयनच्या गिरणीच्या बागेत पोरांना खेळायला लोखंडी दांडा आहे. नातवाला म्हटलं, "गुडघे अडकव आणि उलटा लटक." तो खूश. मी शेजारी बाकावर बसून पेपर वाचला. खाली घेतला तेव्हा त्याचं तोंड टोमॅटो झालं होतं आणि गुडघ्यांमागे हुबेहूब तू लिहिलेले पट्टे. सूनबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. सांबार आदळते, पण बोलत नाही.

आता तुला सांगायला नकोच. आपल्या भागात सतरा वर्षांची पोर दांड्याला उलटी कशासाठी लटकते? नदीपलीकडे अजून पोक्कन मास्तर सर्कशीसाठी पोरं तयार करतो ना? झोक्यावरची पोरं. बघ जाऊन.

सर्कशीवर माझा राग आहेच, तो नंतर काढीन. आधी हे लक्षात घे. तू सकाळी तेलाने तिचे सांधे सैल करतेयस. आपण मालिशीच्या दिवसांत आणि नंतर तितकेच दिवस पोरांना धावूसुद्धा देत नाही, भिजलेल्या मातीसारखं अंग असतं म्हणून. आणि ही त्याच अंगाने दुपारी हवेत उडतेय. एक खांदा निखळला तर जन्माचा निखळेल. तिला हे माहीत आहे, आपणच शिकवलंय. तरी ती मालिशीला येते आणि तिकडेही जाते. का? हे मला कळत नाही आणि ते कळल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही.

अंबूमामा

एरंजोळी,
१७ ऑगस्ट १९८४

मामा,

तारेवरून काही उमगलं नाही, कळरीत तर उड्या बंदच आहेत; पत्र आलं तेव्हा मी कढई घासत होते. तशीच निघाले. होडीतल्या लोकांनी माझे तेलकट हात बघून जागा करून दिली.

पोक्कन मास्तरांचं मैदान तुम्ही पाहिलंय. दोन उंच खांब, मध्ये झोके, खाली जाळी. मी पोचले तेव्हा रजिता वरच होती. गुडघ्यांनी लटकलेली, हात खाली सोडलेले, आणि समोरून एक मुलगा उडून येत होता. मी ओरडणार होते, पण तोंड दाबून धरलं. ओरडले असते तर तिचा हात चुकला असता. तिने त्याला धरलं. मामा, खोटं कशाला सांगू? मनात आलं, काय सुंदर धरलं!

खाली उतरली, मला बघितलं आणि जागीच बसली. मी खांदा दाबला. आत सूज होती.

"रोज माझ्याकडून अंग सैल करून घेतेस आणि इकडे येऊन लटकतेस? अक्कल आहे का?"

"मालिशीला आले नसते तर तुम्ही विचारलं असतं, का नाही आलीस."

"मग इथे यायचं नाही त्या दिवसांत!"

"ओणमनंतर मंडळी निघणार आहे. सराव चुकला तर दुसरीला घेतील."

"मग मला सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तुम्ही दार लावलं असतं, गुरुक्कळ. सर्कशीला जाणाऱ्याने पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही, हे तुम्हीच दिव्यासमोर म्हणायला लावता. मला दोन्ही हवं होतं."

तुम्ही विचारलंत ना, का? म्हणून. आपलं दार बंद होऊ नये म्हणून पोर सैल खांद्याने हवेत उडत होती.

पोक्कन मास्तर विडी ओढत हे ऐकत होते. म्हणाले, "तुमच्याच कळरीचं पाणी आहे, बाई. सोनं आहे. कशाला ओरडता?" मी म्हटलं, "तिची मालिश चालू आहे हे तुम्हाला माहीत होतं?" म्हणाले, "मी कशाला विचारू? माझ्याकडे आली तेव्हा हातपाय धड होते." वाईट माणूस नाही, मामा. पोरांना शिवी देत नाही, जेवायला घालतो. फक्त विचारत नाही.

खांदा बांधलाय. सध्या उड्या बंद. नाणूला सगळं सांगितलं. तो बिचारा म्हणतो, "तिची आई असती तर तिला विचारलं असतं. आता तुम्हीच ठरवा." रजिता तर जाणारच म्हणते, आणि मला वाटतं तिला अडवलं तर ती पळून जाईल. म्हणून मी ठरवलंय की तिला मी स्वतः पोचवीन, तिचा हात पोक्कन मास्तरांच्या हातात देईन, आणि दिव्यासमोरचं ते वाक्य काढून टाकीन. पण नियम तुमचा आहे. तुमच्या होकाराशिवाय काढवत नाही.

वनजा

कोइंबतूर,
२३ ऑगस्ट १९८४

वनजे,

होकार देत नाही.

तुला वाटतं म्हाताऱ्याला मान हवाय. मान घेऊन या वयात काय करू, लोणचं घालू? सर्कशीतून परत आलेली माणसं तू पाहिली नाहीस. मी पाहिली. पस्तिशीत कमरेने गेलेली, माझ्या चटईवर येऊन पडायची आणि म्हणायची, "गुरुक्कळ, काहीतरी करा." मला काही करता यायचं नाही. आपण हाड घडवायचं आणि दुसऱ्याने वापरून टाकायचं, हे मला सहन झालं नाही. म्हणून दार लावलं. दार लावल्याने किती जण थांबले विचारशील तर फारसे नाहीत, हेही खरं.

तू तिला पोचवणार आहेस. मोठी झालीस, मी अडवणार नाही. पण हात हातात देण्याआधी एक विचार. आपल्याकडे नवीन तलवार घडून आली की तिचा पहिला वार कोणी झेलायचा? गुरूने, स्वतःच्या ढालीवर. मग पोरांच्या हातात. त्या मैदानात जाळी आहे म्हणतेस. जाळी किती जुनी? तिच्यावर शेवटचा मोठा माणूस कधी पडला? पोरं हलकी असतात, त्यांच्या वजनाने दोष कळत नाही. पोक्कन काय सांगतो ते मला नको. तो विचारत नाही, तू विचार.

अंबूमामा

एरंजोळी,
१ सप्टेंबर १९८४

मोठे गुरुक्कळ,

अक्षर वेगळं दिसेल. मी रजिता. गुरुक्कळ सांगताहेत आणि मी लिहितेय.

त्या म्हणतात, लिही: तुमचं पत्र मिळालं. सर्व क्षेम. उजव्या हाताला किरकोळ लागल्यामुळे लिहिता येत नाही. दुखत वगैरे काही नाही. जाळी पाहिली. ती बदलावी लागेल, बाकी सविस्तर नंतर.

आता त्या कषायाचा काढा प्यायला आत गेल्या आहेत, म्हणून मी लिहिते. किरकोळ काही नाही. गळ्याखालचं हाड मोडलंय. रात्रभर बसून असतात, कारण आडवं होता येत नाही. मी इथेच झोपायला येते, म्हणून मला माहीत.

तुमचं पत्र वाचून त्या दुसऱ्याच दिवशी मला घेऊन नदीपलीकडे गेल्या. मास्तरांना म्हणाल्या, "या जाळीत मोठा माणूस कधी पडला होता?" मास्तर हसले. "मोठी माणसं पडत नाहीत बाई, ती खाली उभी असतात." गुरुक्कळनी कासोटा खोचला आणि शिडी चढायला लागल्या. मी म्हटलं, "मी जाते, मला सवय आहे." वरून म्हणाल्या, "तुझा खांदा बरा नाही. गप उभी राहा."

त्या झोक्याला लटकल्याच नाहीत. नुसती वरच्या माचीच्या कडेवरून उडी घेतली, पाठीवर, हात छातीशी, अगदी बरोबर. जाळीने त्यांना धरलं, आणि मग कोपऱ्यातला दोर तुटला. जाळी एका बाजूने खाली आली आणि त्या खांद्यावर जमिनीला आपटल्या. आम्ही सगळे रोज त्याच कोपऱ्यातून उतरायचो.

मी धावले. त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाल्या सांगू? "बघ, कुठल्या जागी कुजलाय तो दोर." हाडाचं नावच नाही. मग मी खांद्याखाली फळी दिली, मान हलू दिली नाही, आणि कळरीत आणल्यावर बालनचेट्टनने हाड बसवलं. पट्टी रोज मीच बदलते. त्या मला सांगतात, इथे दाब, इथे नको. कुठे दुखतं ते मात्र सांगत नाहीत, ते माझं मला बघावं लागतं.

मास्तरांनी नवीन दोर आणि जाळी आणवली आहे. मंडळी ओणमनंतर आठवड्याने निघणार. गुरुक्कळ म्हणतात, नवीन जाळीवरही आधी मोठा माणूस पडल्याशिवाय तू चढायचं नाहीस. पण आता कोण पडणार? हाडाला दीड महिना लागेल. मोठे गुरुक्कळ, मला जायचं आहे. पण त्यांचं ऐकल्याशिवाय जायचं नाही. तुम्हीच काहीतरी सांगा.

त्या बाहेर येताहेत. हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

रजिता

कोइंबतूर,
५ सप्टेंबर १९८४

रजिते,

वनजाला सांग, भाचीने मामाशी खोटं बोलायला सुरुवात केली की मामाने सामान बांधायचं असतं. मी येतोय. ओणमच्या जेवणाला पोचतो. नवीन जाळीवर मी उडी मारतो. वजनाने मी वनजापेक्षा जड आहे आणि या वयात मोडण्यासारखं फारसं उरलेलं नाही. शिडी चढायला गुडघा कुरकुर करेल, तर दोघांनी खालून ढकला.

सूनबाईने माझी चप्पल लपवली आहे. मी अनवाणी येईन.

आणि तू रोज पट्टी बदलायला दिव्यासमोरून आत जातेस, ते जात राहा. तिथे थांबून काही म्हणायची गरज नाही. वनजाला म्हणावं, ते वाक्य तिने आता पोरांकडून म्हणवून घेऊ नये. मला ऐकायला बरं वाटत नाही.

अंबू गुरुक्कळ

एरंजोळी,
११ सप्टेंबर १९८४

मामा,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नका. चप्पल लपवणाऱ्या वहिनींना माझा साष्टांग नमस्कार सांगा. तुमची वाट पाहून आम्ही ओणमचं पान तसंच ठेवलं होतं. शेवटी विजयनदादाची तार आली की तुम्हाला स्टेशनवरून उचलून परत आणलं. तारेत 'मारामारीनंतर' असा शब्द आहे. विचारणार नाही.

तुमचं पत्र मी पोक्कन मास्तरांना वाचून दाखवलं. रजिता म्हणत होती नको, तरी दाखवलं. विडी हातातच विझली. मग म्हणाले, "ते एकाहत्तर वर्षांचे ना? आणि गुडघा?" मी हो म्हटलं. उठले आणि घरी निघून गेले. मला वाटलं रागावले.

काल सकाळी निरोप आला, या. आम्ही गेलो, मी, खांद्याची पट्टी सुटलेली रजिता आणि नाणू. नवीन जाळी बांधलेली, सगळी पोरं रांगेत बसलेली, आणि मास्तर कमरेचं मुंडू गुडघ्यावर बांधून शिडीपाशी उभे. साठीचा माणूस, पोट सुटलेलं. एका पोराला हसू आलं तर बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. मास्तर चढले. वर गेल्यावर कडेला उभे राहिले आणि उभेच राहिले. कोणी हाक मारली नाही. मग त्यांनी डोळे मिटून स्वतःला सोडलं.

जाळीने धरलं, मामा. दोनदा उसळले आणि पडून राहिले. पोरांनी आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतलं. ते कोपऱ्यातून उतरले, प्रत्येक दोर हाताने ओढून बघत, आणि माझ्यापाशी येऊन बसले. घामाने भिजले होते. दम लागला होता.

म्हणाले, "बाई, आयुष्यभर या पोरांना खालून ओरडलो, भिऊ नका, मी आहे. वरून कधी बघितलंच नव्हतं. वरून बघितलं तर खाली उभा असलेला मास्तर एवढासा दिसतो हो."

डाव्या हाताने रजिताचा हात धरला आणि त्यांच्या हातात दिला.

तुमची,
वनजा